परत ठेवलेला विडा

बाई,

तुम्ही आमच्या वाडीत पहिल्यांदा आलात त्या सकाळी आई चुलीवर सुके बोंबील भाजत होती आणि दादा वाकलेल्या केळीला बांबूचा टेकू देत होते. मी दारामागे उभी आहे, नुकती चौथी पास झालेली, आणि तुमच्या पांढऱ्या साडीला काटे लागतील म्हणून उगीच घाबरते आहे. तुम्ही दादांना सांगता, मुलगी हुशार आहे, पालघरला माझ्या शाळेत येऊ द्या, राहायला माझ्याकडेच राहील. दादा टेकू सोडत नाहीत. म्हणतात, "आमच्यात कोन शिकलेला नाय, बाई. पोरीला नेऊन तुमाला काय मिळनार हाय?" तुम्ही हसून म्हणालात, "काही नाही." ते उत्तर दादांना पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. तुम्ही गेल्यावर आई म्हणाली, "ज्याला काय नको, असा मानूस मनोरच्या बाजारात पन भेटत नाय." तरी आठवड्याने मला तुमच्याकडे पाठवलं. पाठवताना आईने कानात सांगितलं, डोळे उघडे ठेव.

मी उघडे ठेवले. तुमच्या स्वयंपाकघरात एक स्टोव्ह होता, दोन पातेली, आणि खिडकीत वाळत ठेवलेली लिंबाची सालं. मला वाटायचं, भांडी घासायला मुलगी हवी असेल. पण भांडी तुम्हीच घासायचात. मग वाटलं, म्हातारपणची सोय असेल. शेवटी एकदा शाळा तपासायला साहेब आले. तुम्ही त्यांना घरी चहाला बोलावलंत, मला बाहेर बोलावून माझ्या खांद्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "ही आमच्या भागातली पहिली." साहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली, प्रदर्शनातल्या दुधीकडे बघून हलवतात तशी. मला तेव्हा वाटलं, आता कळलं काय मिळणार आहे ते. त्यानंतर जो पाहुणा येईल त्याच्यासमोर मी चहाचा ट्रे घेऊन मुद्दाम उशिरा यायची, तुमचं मला दाखवणं टळावं म्हणून. तुमच्या ते लक्षात आलं होतं का, हे मला आजही माहीत नाही.

तुम्ही मला रागावलात ते मात्र वेगळ्याच गोष्टीवरून. वर्गात उभी राहून मी प्रत्येक उत्तराआधी म्हणायची, चुकत असेल तर माफ करा, पण मला वाटतं... एक दिवस तुम्ही खडू खाली ठेवलात. "चुकायच्या आधी माफी मागू नकोस. लोक ती जपून ठेवतात आणि नंतर वापरतात." सगळ्या वर्गासमोर. मी मधल्या सुट्टीत डबा उघडला नाही. मी दहावीत असताना तुम्ही टायफॉइडने गेलात. त्यामुळे मुंबईच्या ज्या कॉलेजात तुम्ही शिकला होतात तिथे मी पोचले, हे तुम्ही पाहिलं नाही. तिथल्या दालनात तसबिरी आहेत: एक माजी विद्यार्थिनी आमदार झालेली, एक नगराध्यक्ष, एक मोठ्या हॉस्पिटलची प्रमुख. दर वर्षी प्राचार्यबाई त्यांच्याकडे बोट दाखवून सांगायच्या की आता पुढारपण तुमच्या हाती. बाकीच्या मुली टाळ्या वाजवायच्या. मी तसबिरी बघत विचार करायची, यांना खुर्चीवर कोणी बसवलं, आणि बसवणाऱ्याला काय हवं होतं?

मला बसवणारा आमचा सरपंच. मी शिकून परत आले, तुमच्याच गावात, पालघरला एका खाजगी शाळेत शिकवू लागले, आणि एका रविवारी मी वाडीत घरी असताना तो आमच्या ओटीवर येऊन बसला. "कायदा नवीन हाय. निवडून बाई आली नाय तर पंचायतीत दोन बायका घ्याव्या लागतात. एक आमची वैनी, एक तू. तू शिकलेली, कागदावर बरी दिसशील." मी विचारलं, काम काय? "काम कशाला? यायचं, बसायचं." दादा हसले. मी होकार दिला, कारण नाही म्हटलं असतं तर त्याने तिसरी कोणी शोधली असती जी खरंच नुसती बसली असती. हे कारण खरं की मला खुर्ची हवी होती, याचाही मला भरवसा नाही.

तारापूरला वीजकेंद्राचं काम निघाल्यापासून बोईसर स्टेशनवर हिंदी ऐकू येते आणि गावातली प्रत्येक पडवी भाड्याने जाते. या माघात एका ठेकेदाराने सिमेंट ठेवायला जागा मागितली. पंचायतीची एकच पक्की खोली आहे, तिथे पाचवी ते सातवीच्या मुली बसतात. सरपंच म्हणाला, मुली देवळात बसतील. बाई, देवळाच्या मंडपात मुली बसल्या तर महिन्यातले चार दिवस त्यांना येऊ देणार नाहीत, आणि मग आया म्हणतील, चार दिवस नाय तर बाकीचे तरी कशाला. पाचवी-सहावीत आधीच हातावर मोजण्याइतक्या पोरी. हे मी सरपंचाच्या ओटीवर भरलेल्या सभेत सांगितलं. चांगलं सांगितलं, आधी माफी न मागता. कोणी आडवं बोललं नाही. तिथेच मला संशय यायला हवा होता.

मग विड्यांचं ताट फिरलं. माझ्यासमोर आलं आणि मी एक विडा उचलला. हळदीकुंकवाला पुढे आलेली पानसुपारी नाकारणं म्हणजे घरातल्या बाईचा अपमान, हे आम्हा बायकांना पाळण्यातच कळतं. पण पुरुषांच्या बैठकीत रीत वेगळी. तिथे हात वर करत नाहीत. ज्याला ठराव मान्य तो विडा उचलतो, नसेल तो ताट पुढे सरकवतो. त्या ओटीवर आजवर बाई बसलीच नव्हती, मग मला कोण सांगणार? सरपंचाची वहिनी डोक्यावरचा पदर धरून खाली बघत होती, तिनेही उचलला होता. मागून कोणीतरी ओरडलं, "मास्तरीनबायने इडा घेतला! मंग येवढा वेळ बोलली कशाला?" सगळे हसले. एक म्हातारा म्हणाला, "तोंड दुखलं आसंल, पान खाऊन बरं वाटंल." सरपंच हसला नाही, ठराव मंजूर असं लिहून घ्यायला सांगत होता. ताट माझ्यापुढे ठेवणाऱ्याला त्याने आधी डोळ्याने खुणावलं असेल का, हे मी तेव्हापासून रोज आठवून बघते.

विडा माझ्या मुठीत होता, ओला. मी उठले, ताट जिथे पोचलं होतं तिथपर्यंत गेले आणि तो परत ठेवला. सरपंच म्हणाला, "आसं कोन करत नाय. घेतलेला इडा परत जात नाय." मी तशीच उभी राहिले. मग वहिनी उठली. तिने आपला विडा माझ्या विड्याशेजारी ठेवला आणि पदर सावरत पुन्हा जागेवर जाऊन बसली. म्हातारा कुरकुरला, "आता दोगींनी ठेवला, मंग लिहिनार काय?" ठराव पुढच्या बैठकीवर गेला. ती उद्या आहे. मुली अजून खोलीत बसतात. वहिनी का उठली, हे मी तिला विचारलेलं नाही. तिच्या दिराशी तिचं काही वेगळं भांडण असेल, असंही माझ्या मनात येतं, आणि असं मनात येतं याची लाज वाटते.

गोष्ट कशी कोण जाणे मुंबईला पोचली. कॉलेजच्या स्मरणिकेत सार्वजनिक जीवनात पुढे आलेल्या मुलींवर एक भाग आहे, त्यात माझ्यावर अर्धं पान. कच्चा मजकूर तपासायला माझ्याकडे आला आहे. त्यात लिहिलंय की मी विडा परत ठेवून भर सभेत म्हणाले, "स्त्रीची संमती अशी ताटातून उचलता येत नाही." वाक्य सुंदर आहे. सरपंचाच्या तोंडावर कोणीतरी हे म्हणायला हवंच होतं.

बाई, मी काहीच म्हणाले नव्हते. वहिनी उठली नसती तर मी बहुतेक पुन्हा विडा उचलून घेतला असता. वहिनीचं तर त्या मजकुरात नावही नाही. ते वाक्य खोडून तिचं नाव घालायचं, एवढंच काम आहे, पेन समोर आहे. पण दुपारपासून मी तो कागद तीनदा वाचला, आणि तिन्ही वेळा ते वाक्य आलं की मला बरं वाटलं.