मेल्टनचा पहिल्या नंबरचा श्रोता

२ मार्च, रविवार
निवृत्तीला दोन महिने झाले. इतकी वर्षं इथे मेल्टनमध्ये टाइल्सच्या दुकानात मॅनेजर होतो, म्हणून मेंदूवर टाइल्स बसवून घेतल्या आहेत असं नाही. ठरलं! परवापासून राष्ट्रीय रेडिओ पहाटेपासून रात्री शेवटी लागणाऱ्या राष्ट्रगीतापर्यंत सलग ऐकायचा. गाणी-बिणी नाहीत, नुसतं बोलणं. बातम्या, शेती, इतिहास, बागकाम, नाटक. महिन्याभरात माणूस विद्वान.
थेल्माला सांगितलं. ती म्हणाली, छान, मलाही तुला काही सांगायचंय. म्हटलं, अवश्य. मंगळवारनंतर.

३ मार्च, सोमवार
पूर्वतयारी. स्वयंपाकघर, हॉल, जिना, बाथरूम आणि मागची शेड, सगळीकडे एकेक रेडिओ बसवला. बेडरूममध्ये थेल्माने बसवू दिला नाही. म्हणाली, एका खोलीत तरी मला माझा आवाज ऐकू दे. बायकांना प्रगतीची भीती वाटते.
संच एका सुरात बोलत नाहीत. स्वयंपाकघरातला मंत्री जे बोलतो तेच बाथरूममधला मंत्री जरा मागून बोलतो. दोष नाही. उजळणी.

४ मार्च, मंगळवार. पहाट
समुद्राचं हवामान. उत्तर समुद्रात वादळ! पायजम्यावरच बाहेर धावलो, कचऱ्याचा डबा कुंपणाला दोरीने बांधला. शेजारच्या ग्लेडहिलबाई खिडकीतून म्हणाल्या, अहो पॉकलिंग्टन, समुद्र इथून किती लांब आहे, माहीत आहे का? म्हटलं, बेसावध माणसं असंच म्हणतात.

सकाळी
कचरागाडी आली. गाठ कोणालाच सुटेना. पुढच्या मंगळवारी बघू म्हणाले.
न्याहारीला एका मंत्र्याची उलटतपासणी. मुलाखतकार बाई जबरदस्त. थेल्माने विचारलं, टोस्ट हवा का, हो की नाही, एका शब्दात सांग. मी म्हणालो, प्रश्नच मुळात चुकीच्या पद्धतीने मांडला गेलाय. टोस्ट मिळाला नाही.

त्यानंतर
तीन प्राध्यापक, बायझंटाइन साम्राज्याची करव्यवस्था. अप्रतिम. तिघांचं एकमेकांशी पटत नाही एवढं नक्की समजलं. मध्येच थेल्मा येऊन बोलू लागली. ‘व्हिटबी’ आणि ‘ॲग्नेस’ एवढे शब्द कानावर पडले. ॲग्नेस तिची बहीण, व्हिटबीला समुद्रकिनारी टीरूम चालवते. मी बोट वर केलं. प्राध्यापक श्वास घेईपर्यंत थेल्मा थांबली. प्राध्यापकाने श्वास घेतला नाही. ती वर निघून गेली.

दुपारी
श्रोत्यांच्या फोनचा कार्यक्रम. विषय: नवरा निवृत्त होऊन घरी बसतो तेव्हा. एक बाई बोलल्या, नाव सांगितलं नाही. आवाज गोड, ओळखीचा वाटला. रेडिओवर सगळ्यांचेच आवाज ओळखीचे वाटतात. म्हणाल्या, आमच्या ह्यांनी जिन्यातसुद्धा रेडिओ लावलाय. टोस्ट विचारला तर भाषण देतात. मी बहिणीकडे कामाला चाललेय, आजच, हे तीनदा सांगून झालं. तीनदा बोट वर झालं. निवेदिका हसली. बाई म्हणाल्या, हसा हो. मीही आधी हसायचेच.
माझे डोळे पाणावले. काय पण एकेक नवरे असतात!
तांत्रिक नोंद: ह्या बाईंचा आवाज बेडरूमच्या बाजूने सर्वांत आधी आणि सर्वांत स्वच्छ ऐकू आला. तिथे रेडिओ नसताना. भिंतींचा गुण असावा.

थोड्या वेळाने
राहवेना. फोन लावला. आणि घेतलं त्यांनी मला! सगळ्या देशासमोर! त्या नवऱ्याला असा झापला, असा झापला. म्हटलं, अरे गाढवा, बाई बोलतेय, ऐक की! कान काय चष्मा अडकवायला दिलेत? निवेदिकेने विचारलं, बर्ट्रम, तुमच्या घरी कसं आहे? म्हटलं, आमच्याकडे संपूर्ण संवाद.
तेवढ्यात थेल्मा बॅग घेऊन जिन्यावरून खाली. म्हणाली, बर्ट्रम, टॅक्सी आली, निघते मी. मी म्हणालो, शू! रेडिओवर आहे मी!
निवेदिका ‘अरे देवा’ म्हणाली. भारावली असणार. मग एकदम बातम्या लावल्या.

संध्याकाळी
शेतकरी कुटुंबाची मालिका. गाय आजारी. घरात जेवण दिसत नाही. थेल्माला दोनदा हाक मारली. बिस्किटं खाल्ली.

५ मार्च, बुधवार
प्रसिद्धी ही काय चीज असते ते आज कळलं. बेकरीत सगळे वळून बघत होते. बेकरीवाला म्हणाला, ऐकलं हो काल तुम्हाला, आम्ही सगळ्यांनीच ऐकलं. सांत्वनाला आल्यासारखा आवाज काढून म्हणाला. ॲपल पायचे पैसे घेतले नाहीत. ग्लेडहिलबाईंनी सूप आणून दिलं आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. म्हणाल्या, भल्या माणसा, तिला फोन कर. म्हटलं, कोणाला? त्यांनी खुर्ची ओढून मला बसवलं. मग त्यांनी सांगितलं, रेडिओवरची ती बाई कोण होती ते.
सूप गार झालं.
पाचही रेडिओ बंद केले. घर फार मोठं आहे हे आधी कधी लक्षात आलं नव्हतं.

६ मार्च, गुरुवार
व्हिटबीला फोन केला. ॲग्नेसने घेतला. म्हणाली, या बर्ट्रमराव, अख्ख्या देशाचे लाडके! मग थेल्माला दिला.
मी एवढंच म्हणालो, बोल, मी ऐकतोय. आणि खरंच ऐकलं. ती कितीतरी बोलली. टीरूमबद्दल, केक संपतात त्याबद्दल. सकाळी समुद्र करडा असतो म्हणाली. दुकानातून घरी आल्यावर मी पूर्वी तिला गिऱ्हाइकांच्या नकला करून दाखवायचो, ते तिला आठवलं. तिचा आवाज हळू झाला.
फक्त तिच्या मागे, त्यांच्या स्वयंपाकघरात, ॲग्नेसचा रेडिओ चालू होता. दुपारचं नाटक. बंगल्यात खून झालेला, इन्स्पेक्टर सगळ्यांना हॉलमध्ये गोळा करतोय. मी लक्ष देत नव्हतो. थेल्माने विचारलं, तुला खरंच वाटतं का रे, मी परत यावं?
मी म्हणालो, डॉक्टरनेच केलाय.
फोन बंद झाला.
पुन्हा लावला. ॲग्नेसने घेतला. म्हणाली, थेल्मा समुद्रावर फिरायला गेलीय. कधी येईल? म्हणाली, सांगून नाही गेली, आणि मीही विचारलं नाही.
खून डॉक्टरने केला नव्हता. बायकोने केला होता. का, ते ऐकायचं राहून गेलं.