जबड्याचा मान

३ जून
जावेच्या अंगणात आज पुन्हा भुंगा उडाला. भुंगा म्हणजे आकाशातून फोटो काढणारं यंत्र. खाली तिचे पाहुणे हात हलवत होते.
सासऱ्यांनी वाटणी केली तेव्हा मोठी म्हणून आधी निवडायचा मान माझा. मी नारळाचं बन घेतलं आणि समुद्राकडची खडकाळ पट्टी उदार मनानं धाकटीला सोडली. तिथे काय पिकत होतं? खेकडे आणि हिवताप. आता लाट पिकते. गोरे लोक अर्धी दुनिया ओलांडून फळीवर उभं राहायला आमच्या सोराके किनाऱ्यावर येतात आणि जावेच्या बंगल्यांत झोपतात.
मला हेवा नाही. फक्त लिहून ठेवते.

४ जून
जावेच्या फाटकावर नवी पाटी. सोझाकडून अर्थ विचारून घेतला. ‘अनवाणी ऐषाराम.’ म्हटलं, मेल्या, अनवाणी असणं हाच ऐषाराम असेल तर तुझी आजी जन्मभर राणीच होती.
सोझा माझा नातू. पाहुण्यांना लाटेवर न्यायचं काम करतो, पण जावेकडे. रक्त माझं, राबणं तिच्या दारात.
त्याला सांगितलं, मीही पाहुणे ठेवणार. हसता हसता भात नाकात गेला त्याच्या. मग म्हणाला, “आजी, एक पाहुणा आठ दिवस टिकवून दाखव. तिकडचं काम सोडून तुझ्याकडे येतो.”
बायबलवर हात ठेवायला लावला. ठेवला. पोरगा आलाच म्हणून समजा.

९ जून
तयारी.
तलाव: जावेकडे आहे म्हणून मीही खणून घेतला. प्लास्टिक अंथरलं, पाणी भरलं. दुपारी बघते तर डुक्कर आत, डोळे मिटून. मुक्या जनावरालासुद्धा कळतं, ऐषाराम कशाला म्हणतात ते.
टॉवेलचा हंस: जावेकडे गादीवर ठेवतात. माझा सोललेल्या कोंबडीसारखा झाला. तोही पक्षीच.
मालिश: मी स्वतः करणार. गावातल्या निम्म्या बाळंतिणी या हातांखालून गेल्यात. परत कुणी दुखतं म्हणाली नाही. सोझा म्हणतो, भीतीनं.

२० जून
पाहुणा नाही. वारा उलटा आहे.

२७ जून
वारा सुलटा. पाहुणा नाही. मीही लावलेली पाटी नारळाच्या झावळीआड गेली होती. झावळी तोडली. जावेकडे आज बोट भरून आली. त्यात एक बाई तर कुत्रं घेऊन आली.

२ जुलै
पाहुणा!
हेनिंग नाव. डेन्मार्क का कुठलासा. उंच, नाक लाल, तीन फळ्या. सोझा म्हणाला, “धाकट्या आजीकडे जागा नाही, म्हणून तिनं इकडे पाठवलाय. आठ दिवसांनी तिकडे खोली रिकामी होईल.”
पाठवलाय कसला! पाटी वाचून आला असणार. झावळी तोडल्याचा गुण.

३ जुलै
मालिश केली. मध्येच ओरडला. सोझाला विचारलं काय म्हणतो. “पुरे म्हणतो.” एवढ्यात समाधान झालं.
संध्याकाळी खडकावर पाय कापून आला. मी विडा चघळून लाल रस जखमेवर थुंकला, आमच्याकडचा जुना उपाय. माणूस पांढरा पडला. गोऱ्यांचा रंग कधी बदलेल सांगता येत नाही.
पण गेला नाही! टिकला.

५ जुलै
का टिकलाय ते कळलं. त्याची माझ्या डुकरावर नजर आहे.
लाटेवरून आला की तलावाकाठी बसतो. केळी भरवतो. पोट खाजवतो, म्हणजे चरबी चाचपतो. गालाला गाल लावून फोटो काढले. सोझा म्हणाला, “त्यानं तिचं नाव फ्रेया ठेवलंय.” गिऱ्हाइकानं नाव ठेवलं म्हणजे जिन्नस पसंत पडला.
खवय्या आहे. मला असली माणसं आवडतात.

७ जुलै
जाऊ आली. कुंपणावरूनच म्हणाली, “काय जाऊबाई, तलावात पाहुणा पोहतो की डुक्कर?”
मी म्हटलं, “माझ्याकडे दोघांची सोय आहे. तुझ्याकडे नुसते पाहुणे.”
हसली, पण डोकावून बघत होती. म्हणाली, “खूश दिसतोय तुमचा पाहुणा.” पोटात दुखलंच तिच्या.
चर्चच्या नव्या छपराच्या जेवणाला डुकराचा जबडा जावेला मिळाला होता. गावाला पाहुणे तिनं आणले म्हणे. सगळ्यांदेखत जबडा तिला आणि मला बरगड्या. आमच्या नियास बेटावर याहून मोठा मान नाही, आणि याहून मोठी थप्पडही नाही.
ठरलं. जावेनं आपल्या पाहुण्यांना आजवर मासळी आणि तळलेली केळी दिली. मी जबडा देणार. एकच डुक्कर आहे, असू दे. त्याच्या बदल्यात नातू येतो.

९ जुलै, सकाळी
हेनिंग लाटेवर गेला. त्याला सांगितलं नाही, अचानक देण्यात गोडी असते. सोझाही त्याच्याबरोबर. आमा हेली, आमच्या गावचे म्होरके, माणसं घेऊन आले. जनावर फार केकाटलं नाही. केळ्यांवर पोसलेलं, सुखी होतं.

९ जुलै, संध्याकाळी
केळीच्या पानावर जबडा ठेवला. मांडवात सगळं गाव. जाऊपण, मागच्या रांगेत. मुद्दाम बोलावली होती.
हेनिंगनं पानाकडे बघितलं. मग तलावाकडे. “फ्रेया?”
मी हसून मान डोलावली. स्वतःचा जबडा थोपटून दाखवला, म्हणजे नीट कळावं.
तो खाली बसला आणि रडायला लागला. मला वाटलं, मान सोसवत नाही. पण रडता रडताच उठला, फळ्या उचलल्या आणि जावेच्या फाटकातून आत गेला. चटईवर निजतो म्हणे, पण इथे नको.
उद्या आठ दिवस भरत होते.

आमा हेली म्हणाले, जबडा यजमानाच्या घरात राहत नाही. पाहुणा नसेल तर ज्यानं पाहुणा आणला त्याचा मान. “कोणी आणला?”
मी म्हटलं, “पाटीनं.”
सोझानं जमिनीकडे बघितलं. “धाकट्या आजीनं पाठवला होता.”
कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
रीत अशी की यजमानानं स्वतःच्या हातानं नेऊन द्यायचा. नेला. जावेनं दोन्ही हातांनी घेतला. म्हणाली, “याहोवू, जाऊबाई.” आमचा रोजचा नमस्कार, पण देवाचं नाव घेतल्यासारखा. एवढं नीट ती चर्चमध्येही बोलत नाही.
मान देणारा घेणाऱ्यापेक्षा मोठा असतो. हे सगळ्यांना समजलंच असेल.

१० जुलै
सोझा सकाळी कामाला गेला. तिकडे. मी तलाव बुजवते म्हटलं, मग नाही बुजवला. रिकामा बघवेना, तेव्हा झावळी टाकली वर.
दुपारी जावेची हाक. “जाऊबाई, जबडा शिजलाय. एकटीच्यानं संपायचा नाही. तुमचा पाहुणा तर वासानंच किनाऱ्यावर पळाला.”
म्हटलं, माझं जेवण झालंय.
मग गेले. मीठ बघायला. यजमानाला जबडा चालत नाही, पण मी काल यजमान होते, आज नाही.
तिनं पाहुण्यांच्या लांब खुर्चीत बसवलं. पायाखाली उशी दिली. मीठ बरोबर होतं. दुसऱ्यांदा वाढून घेतलं.
त्या खुर्चीतून लाट फार छान दिसते. सोझा तिच्यावर उभा होता.
जावेला हे सांगितलं नाही.