पेन्सिलीचा ठिपका

आबा, दादाची मुलगी सुट्टीला माझ्याकडे धुळ्याला आली आहे. तुम्ही गेलात तेव्हा ती पाळण्यात होती, आता बारावी झाली. काल सकाळी मी मेथी निवडत होते, तर समोर बसून विचारते, "आत्या, सिस्टम अ‍ॅनालिस्ट म्हणजे तू नक्की करतेस काय? मी पण तेच करू का?" पिंप्राळ्यातल्या तिच्या मैत्रिणींना वाटतं मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. मी तिला सांगितलं, प्रोग्राम लिहिणारे वेगळे, त्यांच्या आधी मी जाते. दवाखाना असो, गोदाम असो, तिथली माणसं काम कसं करतात ते विचारायचं, कुठे अडतं ते शोधायचं आणि नव्या सिस्टमने काय काय करायला हवं ते लिहून द्यायचं. मी चुकीचं लिहिलं तर पुढचे सगळे मन लावून चुकीचंच बनवतात. पगार बरा असतो, डोकं लागतं, आणि डोक्याहून जास्त धीर लागतो. तिने मान डोलावली आणि विचारलं, "पण माणसं खरं सांगतात का गं?"

मेथी तशीच राहिली. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली, तरी मला तुमचा राग आला, आबा. इतका की मी उठून उगीच ओटा पुसला. मग तिला सगळं सांगितलं, आणि आता तुम्हालाही सांगते, कारण माझ्या बाजूने ते तुम्ही कधी ऐकून घेतलं नाहीत.

फैजपूरकडच्या आपल्या गावातल्या शेतकऱ्यांच्या सोसायटीत नंबर लावायचं काम तुमचं. ज्याची केळी कापणीला आली त्याने येऊन नाव नोंदवायचं आणि कापणीची टोळी कुणाच्या बागेत कधी जाणार ते तुम्ही सांगायचं. मी जळगावला एका छोट्या कंपनीत नुकतीच लागले होते आणि माझं पहिलंच काम म्हणजे तुमची ती यादी कॉम्प्युटरवर आणणं. गावची पोर म्हणून सोसायटीने कौतुकाने दिलेलं. मी तर हवेतच होते. आई भाकरी थापतेय, तुम्ही पाटावर बसून कळण्याची भाकरी मोडताय, आणि मी शेजारी वही घेऊन. "आबा, नंबर कसा लावता?" "जो आधी आला त्याचा आधी. यात काय इचारतं, पोरी?" "कधीच मागेपुढे होत नाही?" "नियम म्हंजे नियम." आई तव्यावरून मान वर न करता म्हणाली, "अन् ती सकाळची चक्कर?" तुम्ही म्हणालात, "तू भाकर पाह्य." मी नियम लिहून घेतला, खाली दोन रेघा मारल्या.

वैशाखात सिस्टम सुरू झाली. दहाव्या दिवशी सोसायटीत बैठक होती, आणि एक शेतकरी खांद्यावर घड घेऊन आत आला. पिवळाधमक. तो त्याने माझ्यासमोर टेबलावर ठेवला. "घे माय, झाडावरच पिकली. आता तुह्या मशीनले खाऊ घाल." झाडावर पिवळं पडलेलं केळं व्यापारी घेत नाही, हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. मग एकेक जण बोलू लागला तेव्हा मला कळलं, की तुम्ही रोज सकाळी लुनावरून बागांमधून चक्कर मारायचात, कुणाचा माल उन्हात थांबणार नाही ते बघायचात आणि परत येऊन रजिस्टरात त्याच्या नावापाशी पेन्सिलीने ठिपका द्यायचात. ठिपका म्हणजे हा आधी. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, कुणाची तक्रार नव्हती. फक्त मला सांगितलं नव्हतं. तुम्ही भिंतीपाशी बाकावर होतात. मी तुमच्याकडे बघत राहिले. एक वाक्य पुरलं असतं, की हिला मीच सांगितलं नाही. तुम्ही टोपी काढून मांडीवर ठेवलीत आणि तिच्याकडेच बघत बसलात. काम आमच्या कंपनीकडून गेलं आणि पुढचे सहा महिने मी ऑफिसात दुसऱ्यांचे कागद टाइप केले.

घरी जाताना मी रस्त्यातच विचारलं, का नाही सांगितलं मला? तुम्ही चालता चालता म्हणालात, "तुले सांगतलं असतं तं तू लिहिलं असतं. लिहिलं का मंग कोनी तरी वरून इचारतं, हा पुढे काहून, तो मागे काहून. ठिपका बंद झाला असता." बस, एवढंच. म्हणजे एका बाजूला ठिपका होता आणि एका बाजूला मी, आणि तुम्ही ठिपका निवडलात. पोटच्या पोरीला तोंडघशी पाडलंत, आबा. परक्याने दगा दिला असता तर मी चार दिवस रडले असते आणि विसरले असते. त्यानंतर मी सुट्टीला यायचे, जेवायचे, पण कामाबद्दल तुमच्यापाशी एक अक्षर काढलं नाही. दुसऱ्या वर्षी तुम्ही गेलात.

पोरीला मी हे सगळं सांगितलं. म्हटलं, म्हणून मी आता कुणाचंही पहिलं उत्तर लिहून घेत नाही. दवाखान्याच्या खिडकीपाशी दोन-दोन दिवस उभी राहते, तोंडाकडे नाही, हातांकडे बघते. तिला ते फार आवडलं. मग म्हणाली, "पण आत्या, आबांचं ते रजिस्टर तू बघितलं नव्हतंस?" मी म्हटलं, "नाही गं, दाखवलंच नाही त्यांनी."

आबा, रजिस्टर तुम्ही माझ्यासमोर उघडून ठेवलं होतंत. माझ्या कामाच्या तिसऱ्या दिवशी, सोसायटीच्या टेबलावर. त्या पानावर चार नावांपाशी ठिपके होते आणि त्यातल्या एकावर मी बोट ठेवलं होतं. तुम्ही चष्मा कपाळावर घेतलात आणि थांबलात. बराच वेळ थांबलात. नव्या सिस्टमची माझी आकृती आदल्या दिवशीच काढून झाली होती, आमच्या साहेबांना ती आवडलीही होती. मी पान उलटलं. विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतंत की नाही, मला माहीत नाही. मी विचारलंच नाही.

त्या बैठकीत तुम्ही बोलायला हवं होतं, हे मात्र मी मागे घेत नाही. आत ती पोरगी कॉलेजचा फॉर्म भरत बसली आहे. तिने माझं पहिलंच उत्तर खरं मानलं, आणि मी अजून उठून आत गेलेले नाही.