चार शब्दांना एक दुकान

मुलांच्या आईस,
नमस्कार केला की तू चिडतेस, म्हणून नुसतीच आठवण.

चार इंग्रजी शब्द शिकायला मला अख्खं शिलाईचं दुकान खर्ची घालावं लागलं. तब्येत मात्र ठणठणीत आहे.

भागीदाराने ऐनवेळी अंग काढून घेतलं. त्याला इथे परदेशात 'बॅक आउट' म्हणतात, त्यात दिलेला शब्द मोडल्याचा ठपका असतो. मग बँकेने हात आखडला, तो 'पुल आउट'. त्यात ठपका नाही, दाढ उपटल्यासारखं कोरडं काम. शेवटी मी दुकान सोडल्याची सही केली, तेव्हा वकील हळूच म्हणाला, "'रिट्रीट' म्हणू नका, ते हरलेल्यांचं. तुम्ही 'विथड्रॉ' केलंत."

"म्हणजे दुकान राहिलं?"

"नाही हो. मान राहिला."

तेव्हा तुझ्या भावाला ठासून सांग, दाजी हरले नाहीत, मानाने बाजूला झाले.

रडू वगैरे येत नाही. चहा गरम की गार, तेही कळत नाही.

धाकटीचा खोकला थांबला का? तुमची तिकिटं सध्या रद्द कर. मुलांना शाळेचं कारण सांग.

तुझाच,
घरापासून लांब राहिलेला

ता.क. नव्या मालकाने मला ठेवून घेतलंय. सोमवारपासून त्याच दुकानात काज-बटणं करतो.