दारावरची उष्टी रोटी

१४ जून
आले एकदाची सासरी! अंगणभर तुतीचा सडा, पाय जांभळे झाले माझे. सासूबाई, खोसियतआई, भलत्याच प्रेमळ. फक्त तोंडाचा पट्टा थांबत नाही. कोकंद शहरातली शिकलेली सून म्हणून शेजारणींना तीनदा मिरवून दाखवलं. एलमुराद नुसता हसत होता, तो समोरचा अर्धा तुटका दात दाखवत.

२० जून
एलमुराद गेला रशियाला, बांधकामावर. निघताना आईंनी तंदुरातली रोटी पुढे केली. त्याने एक लचका तोडला, उरलेली त्यांनी दारावर खिळ्याला टांगली. परतल्यावर तीच खायची. चाव्यात तुटक्या दाताचा उंचवटा तेवढा उमटलाय. आधी हसले, मग मेलं रडूच आलं.

२७ जून
आज रामायण झालं. जळमटं काढताना रोटी खाली घेतली आणि पालथी ठेवली. आई किंचाळल्याच. आईबापांनी रोटी सुलटी ठेवायलाही शिकवलं नाही का, म्हणाल्या. मग रडत सांगितलं, की सासऱ्यांची टांगलेली रोटीही अशीच पालथी पडली होती, मग कुणीतरी ती कुरतडत संपवली, आणि ते परतलेच नाहीत. मी म्हटलं, उंदीर असेल, पिंजरा लावू. त्यांनी रोटी माझ्या हातून हिसकावून पुन्हा खिळ्याला टांगली.

३० जून
रोटीला नवा चावा. उंदराचा नाही, माणसाच्या दातांचा. सगळे दात सरळ, उंचवटा कुठेच नाही. दुपारी एलमुरादचा फोन: परांचीवरून पडला, पाय मोडलाय.
योगायोग आहे. योगायोगच.

३ जुलै
रोटी पेटीत कुलूपबंद केली होती. किल्ली माझ्या गळ्यात. तरी आणखी दोन चावे. एलमुराद तापाने फणफणलाय, दवाखान्यात आहे. आईंनी दृष्ट काढायला घरभर इसिरिकच्या वाळल्या पाल्याचा धूर केला, डोळे चुरचुरताहेत. भर दुपारी एकटी बसू नकोस, माहेरी जा म्हणतात. नाही जाणार. चूक माझी, रोटी माझ्या नवऱ्याची. जे काही आहे त्याची गाठ आता माझ्याशी आहे.

५ जुलै, सकाळ
एलमुरादच्या चाव्याभोवतीचा तुकडा तेवढा उरलाय. तळहातात मावतो. मुठीतच ठेवलाय. आई गावाबाहेरच्या, दुआ पुटपुटत फुंकर घालणाऱ्या बाईला आणायला गेल्यात. मी म्हटलं, खुशाल जा.

दुपार
ऊन असं की कुत्रीही गप्प. एलमुरादचा फोन आला, आवाज पार खोल गेलाय. म्हणाला, मुअत्तर, रोटी सांभाळ. सांभाळते रे, राजा.

फोन ठेवला आणि दारावर थाप. बाहेरून त्याचाच आवाज. आलो म्हणतोय, भूक लागलीय, माझी रोटी दे.

तो तिकडे खाटेवर पडलाय. मी काय दूधखुळी आहे?

म्हटलं, आधी हसून दाखव. फटीतून पाहिलं—
हसला. सगळे दात अख्खे. फार दात आहेत—

कडी निघाली. आत आलंय.
घाबरलेय. हो, घाबरलेय! म्हणून काय देऊ? डाव्या मुठीत रोटी, उजव्या हातात पेन. बघू दे की मी लिहितेय—

बोटांना चावतंय. चाव. हात ने हवा तर—
मूठ नाही उघडणार. एलमुराद, मूठ नाही उघ