वचनदाता : वाक्यात उपयोग करा

२० नोव्हेंबर १९५५, रविवार
आजपासून रोजनिशी नियमित. घोडपदेवच्या आमच्या चाळीत बायकांचा साक्षरता वर्ग मी फुकट घेतो. त्याची कुठेतरी नोंद हवी.
शेजारच्या भिवाची बायको कौसल्या हिने विचारलं, शब्द देणाऱ्याला काय म्हणायचं? फळ्यावर लिहिलं : वचनदाता. उदाहरण म्हणून मीच शब्द दिला, की भिवाची चिठ्ठी माझ्याकडे.
भिवाला क्षय. इस्पितळात खाटेसाठी नंबर सातवा. दर सोमवारी दहाच्या आत चिठ्ठीवर शिक्का. लागोपाठ दोन सोमवार चुकले की नंबर शेवटी. तिची मिलमध्ये पहिली पाळी, खाडा करता येत नाही. मी टाइम ऑफिसात दुसऱ्या पाळीला, सकाळ मोकळीच. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. बरं वाटलं.

२१ नोव्हेंबर, सोमवार
संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ. ट्राम बंद, मिल बंद. चालत जाणार होतो, पण चिठ्ठी गर्दीत हरवली तर? ट्रंकेत ठेवली. कौसल्या दारात आली. म्हणाली, मास्तर, चिठी माका दिया, मी चलत जातंय. म्हटलं, मग माझ्या शब्दाला काय अर्थ राहिला?

२५ नोव्हेंबर
भिंतीपलीकडे भिवा सारखा खोकतो. ऐकवत नाही. खाट दुसऱ्या भिंतीला सरकवली. सोमवारी नक्की.

२८ नोव्हेंबर, सोमवार
सातलाच निघालो. नाक्यावर हरताळाच्या दिवशीच्या गोळीबाराची चर्चा. लोकांनी माझं मत विचारलं. थोडक्यात सांगितलं. सव्वादहा झाले.
कौसल्याला म्हटलं, काम झालं. खोटं नाही, होणारच आहे, फक्त तारीख पुढे गेली. तिने हात जोडले. जेवण गेलं नाही.

४ डिसेंबर, रविवार
वर्गात कौसल्याने चिठ्ठी मागितली. दिली. बाई अजून बाराखडीत, वाचते कसली! तिने बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. शेवटचा शिक्का चौदा तारखेचा. चिठ्ठी घडी करून पदराला बांधली. माझं शिकवणं एवढं लागू पडेल असं वाटलं नव्हतं.

५ डिसेंबर, सोमवार
कौसल्याने खाडा केला, स्वतः गेली. नंबर एकशे बारा. गॅलरीत गाठून म्हटलं, मी मोठ्या डॉक्टरांना भेटतो, शब्द देतो. ती म्हणाली, नको, मास्तर, आमका पुरे झाला.
माझ्या दाराशी तिची पाटी ठेवलेली. गृहपाठ.
'वचनदाता. माज्या घोवाचा नंबर सातवा होता.'
वाक्यात तो शब्द आलेलाच नाही. 'माझ्या'चा झ चुकलाय. दुरुस्त करायला खडू घेतला. पलीकडे भिवा खोकला.
खडू ठेवून दिला.