जाडी दारू की बारीक

८ डिसेंबर
झालो! शूर झालो. तहसिलातून कागद आला — बाबांच्या ठासणीच्या बंदुकीचा पीक संरक्षण परवाना आता माझ्या नावावर. वीस वर्षं साप्ताहिकात शूरवीरांची टिंगल करून पोट भरलं. आता सोनाळ्यात परवानाधारक शूर मी एकटाच.

९ डिसेंबर
रानडुकरांनी उकंडरावकाकांचा पाऊण एकर हरभरा नांगरून काढला. त्यांचं वावर आमच्या वावराला लागून. सकाळीच दारात हजर.

"काऊन बे गजेंद्रा, बंदूक काय पूजेले ठेवली? तुह्या बापाचा एक बार होये, अन् डुकरं पार डोंगरात!"

मी म्हटलं, काका, मला भरता येत नाही अजून.

"मंग शिक. सोमवारपर्यंत बार नाही झाला, त मी धुऱ्यावर तार ओढतो. करंटची."

त्या धुऱ्यावरून, आमच्या दोघांच्या सामाईक बांधावरून, पहाटे अंधारात गावातली रुखमाबाई गवताला जाते. रोज. हे मी बोललो. काका म्हणाले, "म्हणून त तुले सांगून राह्यलो."

म्हणजे रुखमाबाईचा जीव माझ्या बंदुकीच्या नळीत! नाही म्हणायची सोयच ठेवली नाही माणसानं.

११ डिसेंबर
खामगाव. बंदुकीच्या दारूचं परवान्याचं दुकान. काउंटरवर दोन पुड्या उघडल्या. एक जाडी, मोहरीएवढा दाणा. एक बारीक, खसखशीसारखी, चकचकीत. "कोणती देऊ?" — जसा काही रवा विचारतोय. माझ्या बंदुकीला कोणती चालते ते मला ठाऊक असणार, हा त्याचा समज. मला नव्हतं ठाऊक. दोन्ही घेतल्या थोड्या थोड्या. हातातली दोन स्थळं सोडवत नाहीत तशा.

१२ डिसेंबर
चहाच्या टपरीवर विषय काढला, ही चूक. दुसऱ्या दारूतले तज्ज्ञ या दारूतलेही तज्ज्ञ निघाले.

तुळशीराम म्हणे, "बारीकच घे. तुह्या बापाचा आवाज वरवटपर्यंत जाये!"

ज्ञानेश्वर म्हणे, "येडा हाय का तू? बारीकनं नळी फाटते. माह्या मामाच्या गावी एकाचा अंगठा गेला."

"कोणता?" मी.

"उजवा."

मी उजव्या हातानं लिहितो.

जाडी भरली तर बार फुसका, काकांची तार ठरलेली. बारीक भरली तर अंगठा. घरी अश्विनीला सांगितलं. म्हणाली, "अंगठा गेला तर लेख मला सांगून लिहून घेऊ नका. बायको आहे म्हणून वाचते, तेवढं पुरे."

१३ डिसेंबर
काकांनी तारेचं भेंडोळं आणून धुऱ्यावर ठेवलं. मला दिसेल असं.

१४ डिसेंबर, दुपार
 

बंदूक घेऊन वरवट बकालला गेलो, कय्यूमचाचांकडे. तीन पिढ्या बंदुका दुरुस्त करतात. दोन्ही पुड्या पुढे मांडल्या. चाचांनी ढुंकूनही पाहिलं नाही. लोखंडी गज उचलला, नळीत सोडला. गज तळाला टेकलाच नाही! अडला, आणि चार बोटं जास्तीचा वर राहिला.

"मियाँ, दारू मागून निवडजा. हे त भरेलच हाय."

भरलेली! बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. दोन वर्षं ती माझ्या उशाच्या वरच्या खुंटीला. आणि मी आज त्यावर आणखी भरणार होतो. अंगठ्याची काळजी करत होतो मी! चाचा म्हणाले, "अंगठा त राह्यला असता. कुठं राह्यला असता, थे नाही सांगता येत."

पाणी ओतलं, पिळाच्या सळईनं फिरवून फिरवून आतलं सगळं बाहेर काढलं. आधी दारूवर ठासलेली एक चिंधी, मग दारूचा काळा चिखल. चिंधी निळी, पिवळ्या ठिपक्यांची. बाबांचा शेवटचा बार!  खिशात घातली.

संध्याकाळ
आईला चिंधी दाखवली. तिनं चुलीच्या उजेडात धरली.

"हे त माह्या लुगड्याचं. तू धाव्वीत होता, त्या साली फाटलं थे. तवाच त्याची चिंधी बंदुकीत ठासली."

मी दहावीत? म्हणजे चौतीस वर्षं नळीत हीच चिंधी. मग दर हिवाळ्यात आख्ख्या गावानं ऐकले ते बार कुठले? मी स्वतः ऐकलेत!

आईनं भाकर उलटली. 

१५ डिसेंबर
आज दिवस मावळताना आईनं धान्याच्या कोठीतून सुतळी बॉम्बची पिशवी काढून दिली. "तुहे बाबा बी बंदुकीले भेत होते, बाबू. कोरड्या विहिरीत फोडत, आवाज घुमे. उकंडरावले सांगू नोको."

तीन फोडले. उकंडरावकाकांनी तारेचं भेंडोळं खांद्यावर टाकलं. जाताना माझ्याकडे बघून म्हणाले, "बापावर गेला."